लवंगेच्या वासाचं पान आणि जठराचं कवच

गुहागर तालुक्यातलं हेदवी म्हटलं की दशभुजा गणपती आणि बामणघळीत उसळणारं पाणी डोळ्यांपुढे येतं. पण कोकणच्या या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या सावलीत वाढणारं दालचिनीचं झाडही तितकंच नवलाचं आहे. त्याची साल हुंगली की दालचिनीचाच वास येतो. पान चुरगळलं की मात्र चक्क लवंगेचा! सालीच्या तेलात मुख्यतः सिनामाल्डिहाइड असतं, तर पानाच्या तेलात युजेनॉल, म्हणजे लवंगेतलंच मुख्य द्रव्य.

हे युजेनॉल आता अल्सरच्या संशोधनात पोचलं आहे. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते मटण पचवतं, पण जठराला धक्का लावत नाही, कारण आतून बुळबुळीत श्लेष्माचा पातळ थर असतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या हे संरक्षण कमकुवत करतात आणि जखम होते. या जिवाणूच्या शोधासाठी वॉरेन आणि मार्शल यांना २००५ साली नोबेल मिळालं. लवंगेचं तेल आणि युजेनॉल यांमुळे उंदरांच्या जठरातला श्लेष्मा वाढतो आणि व्रण कमी होतात, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं.

अडचण तेलाच्या स्वभावातच आहे. ते उडून जातं, हवेने खराब होतं, पाण्यात मिसळत नाही आणि जास्त झालं तर आतून जाळतं. म्हणून शास्त्रज्ञ त्याचे अतिसूक्ष्म थेंब करतात. १०० नॅनोमीटरचे सुमारे ८०० थेंब एका केसाच्या जाडीत ओळीने बसतील. एक मिलिलिटर तेलाच्या एकाच गोल थेंबाचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच तेलाचे असे सूक्ष्म थेंब केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६० चौरस मीटर होतो, एखाद्या दोन खोल्यांच्या घराएवढा!

या थेंबांना वेष्टण म्हणून कायटोसान वापरता येतं. ते मिळतं कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून. किनाऱ्यावरच्या घरांत ही कवचं रोज फेकली जातात. आम्लात कायटोसानवर धन विद्युतभार येतो, श्लेष्मावर असतो ऋण. त्यामुळे कण थराला चिकटून राहतात आणि तेल हळूहळू सुटतं. औषध नेमकं हवं तिथे रेंगाळतं.

हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चाललं आहे. तेव्हा पोटदुखीवर लवंगेचं तेल पिऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. त्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नका. शौचास डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.