दोन नेदा, एक चेहरा

मैत्रिणींनो, मागच्या आळीत काय झालं हे कुणी तिखटमीठ लावून सांगितलं तरी आपण सहसा फसत नाही. सांगणारी कोण, तिचं कुणाशी पटत नाही, हे आपल्याला पाठ असतं. शिवाय संध्याकाळी भाजी आणायला गेलं की खरं-खोटं करून घेता येतं. पण तेहरानमध्ये नाहीतर कैरोत माणसं रस्त्यावर उतरली, तर? तिथं ना आपली मावशी राहते, ना आपल्याला त्यांची भाषा कळते. टीव्हीवर दिसलं आणि पेपरात आलं ते खरं! एकाच गर्दीला एक वाहिनी ‘लोकशाहीवादी निदर्शक’ म्हणते, तर दुसरी ‘परक्यांच्या चिथावणीनं उतरलेले दंगेखोर’. माणसं तीच, रस्ता तोच. फक्त नाव ठेवणारा वेगळा.

हा नावं ठेवण्याचा आणि चेहरे लावण्याचा खेळ एखाद्या बाईच्या जिवाशी कसा येतो, त्याची एक गोष्ट सांगते. गोष्ट इराणची आहे आणि अगदी खरी आहे.

जून २००९. इराणमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. महमूद अहमदीनेजाद जवळजवळ ६३ टक्के मतं घेऊन जिंकले, असं सरकारनं जाहीर केलं. मीर हुसेन मुसावी यांना मत देणाऱ्या लाखो लोकांना ते पटेना. ‘माझं मत कुठं गेलं?’ असे फलक घेऊन लोक रस्त्यावर आले. सरकारनं परदेशी पत्रकारांना निदर्शनांच्या जागी जायला बंदी केली. मग उरलं काय? लोकांच्या हातातले मोबाईल.

२० जूनला तेहरानच्या एका रस्त्यावर नेदा आगा-सोलतान नावाची २६ वर्षांची मुलगी छातीत गोळी लागून कोसळली. संगीत शिकत होती, आणि तेव्हा तिचे संगीतशिक्षक बरोबरच होते. कुणीतरी मोबाईलवर तिचं मरण टिपलं आणि काही तासांत ते जगभर गेलं. तिला वाचवायला धावलेले डॉक्टर होते आरश हेजाझी. (पाउलो कोएलोची पुस्तकं फारसीत छापणारे प्रकाशक हेच. कोएलोनं त्या चित्रफितीत आपल्या मित्राला ओळखलं!)

आता वाहिन्यांना हवा होता तिचा हसरा, जिवंतपणीचा फोटो. रक्तानं भरलेला चेहरा पुन्हा पुन्हा किती दाखवणार? फेसबुकवर शोधाशोध झाली आणि एक फोटो सापडला. फुलाफुलांचा स्कार्फ बांधलेली, मंद हसणारी तरुणी. नाव, नेदा सोलतानी. आगा-सोलतान आणि सोलतानी, एवढा फरक कोण बघतो? जगातल्या नामांकित वाहिन्यांनी तो फोटो दाखवला. लोकांनी त्याचे फलक केले, त्यापुढं मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली.

आणि ही नेदा सोलतानी तर जिवंत होती! तेहरानच्या एका विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारी प्राध्यापिका. तिनं घाईघाईनं आपला फेसबुकवरचा फोटो काढून टाकला. तर लोक तिलाच शिव्या देऊ लागले, की तू सरकारची हस्तक, आमच्या हुतात्मा मुलीची आठवण पुसतेस! तिनंच पुढं सांगितलंय, की अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ला तिनं पत्र लिहिलं आणि दोघींमधला फरक कळावा म्हणून आपला आणखी एक फोटो पाठवला. तिकडं तो नवा फोटोही मेलेल्या मुलीचा म्हणून दाखवला गेला. काय म्हणावं याला?

खऱ्या नेदाच्या आई-वडिलांनी दोन-तीन दिवसांत आपल्या लेकीचे खरे फोटो दिले. तरीही चुकीचा फोटो फिरतच राहिला. लोकांना तो चेहरा आवडला होता ना!

इथवर ही पाश्चिमात्य माध्यमांच्या घाईची कथा झाली. पण आता दुसरी बाजू बघा. इराणच्या गुप्तचर खात्याची माणसं या प्राध्यापिकेच्या दारात आली. तुम्ही कॅमेऱ्यासमोर या आणि सांगा, की मी जिवंत आहे, हे सगळं मरण-बिरण पश्चिमेचं कुभांड आहे! म्हणजे एका नेदाचा चेहरा वापरून दुसऱ्या नेदाचा खून पुसायचा. तिनं ऐकलं नाही तेव्हा देशद्रोहाचे, हेरगिरीचे आरोप सुरू झाले. दोन आठवड्यांच्या आत ती देश सोडून पळाली. जर्मनीत तिनं निर्वासितांच्या वसतिगृहात दिवस काढले. २०१२ साली तिनं या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘माय स्टोलन फेस’. माझा चोरलेला चेहरा.

आणि मेलेल्या नेदाचं काय? इराणच्या सरकारी टीव्हीनं पुढच्या जानेवारीत एक माहितीपट दाखवला. त्यात सांगितलं, की नेदानं आधी खोटं रक्त चेहऱ्यावर ओतून मरणाचं नाटक केलं, आणि मग तिच्याच साथीदारांनी तिला मारलं. एक राजदूत तर म्हणाले, यात अमेरिकेच्या सीआयएचा हात असू शकतो. डॉ. हेजाझी इंग्लंडला जाऊन जे पाहिलं ते बोलले, तर संशय त्यांच्यावरच! लेकीसाठी मशिदीत प्रार्थनासभा घ्यायलाही घरच्यांना परवानगी मिळाली नाही.

चुका दोन्हीकडं झाल्या म्हणून दोन्ही पारडी सारखी, असं मात्र मी म्हणणार नाही. घाईनं चुकीचा फोटो लावणं वेगळं आणि गोळी लागलेल्या मुलीला नाटकी ठरवणं वेगळं. पण त्या प्राध्यापिकेच्या बाजूनं बघितलं, तर दोघांनी मिळून तिचं घर, नोकरी, गाव, सगळं नेलं.

घाईचे काही नमुने हसू आणणारेही असतात. डिसेंबर २०११ मध्ये मॉस्कोत निवडणुकीवरून निदर्शनं झाली. अमेरिकेच्या ‘फॉक्स न्यूज’नं ती बातमी देताना चित्रं दाखवली जाळपोळीची, आणि मागं चक्क ताडाची झाडं! मॉस्कोत, ऐन डिसेंबरात! ती चित्रं होती ग्रीसमधल्या अथेन्सची. रशियाच्या सरकारी माध्यमांना आयतंच कोलीत मिळालं, ‘बघा, कसे खोटे बोलतात!’ मॉस्कोतल्या खऱ्या निदर्शकांचं म्हणणं राहिलं बाजूला.

असंच पुन्हा इराणच्या बाबतीत झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये २२ वर्षांची महसा अमिनी डोक्यावरचा स्कार्फ नीट नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असताना तिची शुद्ध हरपली. १६ तारखेला ती गेली. मारहाणीमुळं, असं घरचे म्हणाले. आजारामुळं, असं सरकार म्हणालं. बायका रस्त्यावर उतरल्या, स्कार्फ जाळले. त्या नोव्हेंबरात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीनं मोबाईल पुढं केला, “ताई, पंधरा हजार जणांना फाशी देणारेत म्हणे!” तो आकडा कसा तयार झाला ते पुढं कळलं. अटक झालेल्यांची संख्या पंधरा हजारांच्या घरात, असा एक अंदाज होता. २९० पैकी २२७ खासदारांनी कठोर शिक्षा मागितल्याची दुसरी बातमी होती. दोन्हींची खिचडी झाली आणि ‘पंधरा हजारांना फाशी’ जगभर गेलं. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनीसुद्धा ते पुढं पाठवलं आणि मग काढून टाकलं.

आपल्याला वाटतं, चांगल्या बाजूनं थोडं वाढवून सांगितलं तर बिघडलं कुठं? बिघडतं. ८ डिसेंबरला मोहसेन शेकारी नावाच्या तरुणाला खरोखर फाशी झाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अशा चौघांना फाशी झाली होती. पंधरा हजार ऐकलेल्या कानांना ‘चार’ किती किरकोळ वाटलं असेल!

आणि न दाखवणं, हेही एक सांगणंच असतं. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तची राजधानी कैरो इथं तहरीर चौक माणसांनी ओसंडून वाहत होता. होस्नी मुबारक यांनी पायउतार व्हावं, ही मागणी. सरकारी टीव्हीवर मात्र काय दिसायचं? नाईल नदीवरचा शांत पूल! चौकातल्या लोकांना परदेशी हात केंटकीचं चिकन पुरवतात, असंही सांगितलं गेलं. लोकांनी हातातली कोरडी भाकरी उंच धरून चेष्टा केली, हे बघा आमचं केंटकी!

सरकारी ‘नाईल टीव्ही’च्या उपप्रमुख होत्या शाहिरा अमीन. वर्षानुवर्षं निवेदन केलेली बाई. गृहखात्याची पत्रकं वाचून दाखवायची आणि चौकाकडं बघायचंच नाही, हे त्यांना जमेना. ३ फेब्रुवारीला त्या कामावर जाण्याऐवजी तहरीर चौकात गेल्या आणि नोकरी सोडल्याचं कळवून टाकलं. सरकारी पगार, मोठं पद, तेही मुबारक अजून खुर्चीत असताना!

११ फेब्रुवारीला मुबारक गेले. जल्लोष झाला, जगानं तो दाखवला, आणि बरेचसे कॅमेरे गुंडाळले गेले. ९ मार्चला लष्करानं तोच चौक रिकामा करवला आणि पकडलेल्या काही मुलींची कोठडीत ‘कौमार्य चाचणी’ केली. ही बातमी जल्लोषाच्या चित्रासारखी पहिल्या पानावर धावली नाही. लष्करानं आधी असं काही घडलंच नाही म्हणून हात झटकले. मे महिन्याच्या शेवटी सीएनएनवर एका लष्करी अधिकाऱ्यानं नाव न देता कबुली दिली. वर हेही म्हणाला, की या मुली काही तुमच्या-माझ्या लेकींसारख्या नव्हत्या, चौकात पुरुषांबरोबर तंबूत राहिल्या होत्या.

ती कबुली मिळवणारी पत्रकार शाहिरा अमीनच होत्या. पकडलेल्या मुलींपैकी समीरा इब्राहिम हिनं लष्कराला कोर्टात खेचलं, आणि २७ डिसेंबर २०११ रोजी कैरोच्या न्यायालयानं अशा चाचण्यांवर बंदी घातली. चाचणी करणारा लष्करी डॉक्टर मात्र पुढच्या मार्चमध्ये लष्करी न्यायालयातून निर्दोष सुटला.