दांडे झुकतात, रेघ हलत नाही

'कात्रप' हे एका वस्तीचं नाव जाड अक्षरांत टाइप करा आणि कॉम्प्युटरवर उजवीकडे कलतं करा. क, काना, त्र, प: चार उभे दांडे एकदम झुकतात. शिरोरेघ मात्र होती तशीच आडवी! डोक्यावर हंडा घेऊन बाई झपाझप चालावी आणि पाणी हिंदकळूही नये, तसं.

रोमन लिपीत हीच जादू करतो बोल्ड इटॅलिक स्लॅब सेरिफ. सेरिफ म्हणजे दांड्याच्या टोकाशी असलेली छोटी आडवी रेघ. ती जवळपास दांड्याइतकी जाड आणि चौकोनी केली की झाला स्लॅब. 1815च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने असे छपाईचे खिळे बाजारात आणले. तेव्हा नाटकांच्या नि लॉटरीच्या जाहिरातींनी भिंती भरत होत्या. लांबून ओरडणारं अक्षर हवंच होतं. इटॅलिकचा स्वभाव अगदी उलटा. 1501मध्ये व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक छापलं ते या नाजूक, हस्ताक्षरी वळणात. त्या घराण्यात अक्षर झुकलं की सेरिफ लेखणीच्या ओघात विरघळून जातात. स्लॅब कसला विरघळतोय! दांडा कलला तरी त्याचा ठोकळा जमिनीला समांतरच. म्हणून त्यात वजन आणि वेग एकत्र दिसतात. जर्सी, टायर, जिम, सेलची पाटी ही त्याची हक्काची ठिकाणं. सबंध परिच्छेद त्यात छापणाऱ्याला मात्र वाचकांची दया नाही.

देवनागरीत शिरोरेघ टिकली तरी हा खेळ का फसतो, ते आणखी भारी आहे. कॉम्प्युटर अक्षर तिरपं करतो म्हणजे त्याचे आडवे पातळ थर वर जाता जाता अधिकाधिक उजवीकडे सरकवतो. त्यात डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी रेघ आडवी पडत जाते आणि बारीक होते. उलट्या तिरकसाची रेघ उभी राहते आणि जाड होते. रोमन लेखणीच्या धाटणीत मुळात ही दुसरीच जाड, त्यामुळे तिथे जाडी-बारकाई जास्तच खुलते. देवनागरीच्या बोरूचा काप उलटा, इथे पहिली रेघ जाड. कळ दाबली की जाड बारीक होते, बारीक जाड होते, आणि बोरूची सगळी ऐट जाते. पाटीवरचं तिरपं मराठी अनेकदा मरगळलेलं दिसतं, त्याचं मला तरी हेच मोठं कारण वाटतं. अक्षररचनाकार कमल शेडगे मराठी नाटकांची नावं हाताने रेखाटत. तिथे प्रत्येक वळणाची जाडी चित्रकार स्वतः ठरवतो, कळ नाही.

2022च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालत नाही. म्हणजे इंग्रजीही हवी असेल तर कात्रपच्या दुकानदारालाही दोन लिप्या शेजारी बसवायच्या आहेत, आणि माझ्या मते शिरोरेघेला स्लॅबइतका शोभणारा रोमन शेजारी नाही: दोघांच्याही अंगात आडवी फळी. सोल मातास या अर्जेंटिनाच्या डिझायनरने आपल्या 'बिटर' या स्लॅब फॉन्टच्या आधारे 'कडवा' हा देवनागरी फॉन्ट केला. तो मोफत मिळतो, त्यात बोल्डही आहे. इटॅलिक नाही, ते हवं असेल तर अक्षर तिरपं केल्यावर एकेक वळण हाताने पुन्हा जाड-बारीक करत बसावं लागतं.