मिलिंदाचे बेट आणि आपली सहल

आपल्या वस्तीत उभे राहून "मिलिंद" अशी हाक मारा, दोन-तीन घरांतून तरी "ओ" येईल. नांदेडमध्ये येईल, लातूरमध्ये येईल, उदगीर-किनवटच्या नगरांतही येईल. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या नावामागोमाग आपल्या घरांतही मिलिंद जन्मू लागले. पण हे नाव मुळात एका ग्रीक राजाचे आहे, हे किती मिलिंदांना ठाऊक असेल?

इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात मिनँडर नावाचा ग्रीक राजा सागल नगरीत राज्य करीत होता. हे नगर म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भिक्खू नागसेनांशी झालेला त्याचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. त्यात नागसेन त्याला विचारतात, महाराज, आपला जन्म कुठला? राजा सांगतो, अलसंद नावाच्या द्वीपावरचा. इथून दोनशे योजने दूर. नागसेन विचारतात, तिथे केलेले एखादे काम आठवते का? राजा म्हणतो, आठवते. मग नागसेन हसून दाखवून देतात की महाराज, दोनशे योजने आपण किती झटकन जाऊन आलात!

मन असे झटकन जाते. खिशाला मात्र वेळ लागतो. टी.व्ही.वर ग्रीसची बेटे दिसतात, पांढरी घरे आणि निळा समुद्र दिसतो, आणि लेकरे विचारतात, "बाबा, आपण कधी जायचे?" बाबा रोजंदारीवर, आई धुणीभांडी करणारी किंवा अंगणवाडीत मदतनीस. पासपोर्ट, व्हिसा, विमानाची तिकिटे हे आज आपल्या आवाक्यातले नाही, हे लेकरांना सरळ सांगावे. त्यात लाज नाही. पण तेवढ्यावर विषय बंद करू नये. बेट आपल्या महाराष्ट्रातही आहे. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात पोचता येते, आणि तिथे बौद्ध स्तूपही आहे. ते बेट म्हणजे घारापुरी.

सहल म्हणजे चैन नव्हे

आपली माणसे फिरली नाहीत असे नाही. खूप फिरली. पण ऊसतोडीला फिरली, बांधकामावर फिरली, पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरे जळाली, तेव्हा कित्येकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडले. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर भागातली माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आनंदाचा प्रवास म्हणाल तर सहा डिसेंबरची चैत्यभूमी आणि अशोक विजयादशमीची दीक्षाभूमी. ते अभिवादन आहे, ते चुकवू नये. पण नवरा, बायको, लेकरे आणि म्हातारी माणसे एकत्र निघाली आहेत, कुणालाही काम नाही, नुसते पाहायचे आहे, असे चार दिवस आपल्या किती कुटुंबांना मिळाले?

"तेवढ्या पैशात लेकराची फी भरू" असे कुणी म्हणेल. फी आधी, हे खरेच. पण स्वतः बाबासाहेबही सहलीला निघाले होते, हे विसरू नये.

१९३४ ची सहल

१९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांपुढे इच्छा मांडली की आपण सगळे मिळून कुठे तरी फिरायला जाऊ. बाबासाहेबांनी होकार दिला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. ते नाशिकला आले, मंडळी तिथे जमली. सुमारे तीस माणसे, एक बस आणि एक मोटार. पुढचा मुलूख निजामाचा. तिथे अडचण होऊ नये म्हणून आपण कोण हे न सांगता, साध्या प्रवाशांसारखे जायचे ठरले.

दौलताबादच्या किल्ल्याशी पोचले तेव्हा सगळ्यांचे चेहरे धुळीने माखलेले होते. दारापाशी पाण्याचा हौद भरलेला होता. काहींनी हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, आम्ही मुसलमान झालो असतो तर तुम्ही आम्हाला असेच अडवले असते का? शेवटी किल्ला पाहू दिला तो एका अटीवर : आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला बंदूकधारी शिपाई बरोबर दिला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेऊन सात वर्षे झाली होती, तरी हे घडले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

म्हणून आज आपले लेकरू एखाद्या किल्ल्यावर नळाला बाटली लावून पाणी पिते, ती साधी गोष्ट नाही. तिची किंमत कुणी तरी मोजलेली आहे.

बेत कसा आखावा

पहिली गोष्ट, पैसा. घरात सहलीचा वेगळा डबा करा. रोज २५ रुपये टाकले तर वर्षाला ९,१२५ रुपये होतात. बचत गट किंवा भिशी असेल तर तिथेही ठेवता येतील. रोजंदारीवाल्यांनी खाड्याचा हिशेब आधी धरावा, कारण चार दिवस गेलो तर तेवढी मजुरीही बुडते. कर्ज काढून सहल करू नये.

दुसरी गोष्ट, दिवस. पावसाळा टाळावा; समुद्र खवळला की लाँच बंद असतात. दिवाळीनंतरचा काळ किंवा जानेवारी-फेब्रुवारी चांगला. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे पक्के ध्यानात ठेवा. सहा डिसेंबरच्या गर्दीला सहल जोडू नये. चैत्यभूमीला शांतपणे बसायचे तर इतर दिवशीही जाता येते.

तिसरी गोष्ट, तिकीट. नांदेडकरांना देवगिरी एक्स्प्रेस, लातूरकरांना लातूर-मुंबई एक्स्प्रेस रात्रीच्या प्रवासाला सोयीची. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला वेगळी जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. एस.टी.ने जाणाऱ्या भगिनींना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे.

चौथी गोष्ट, मुक्काम. घारापुरीवर रात्री राहता येत नाही, संध्याकाळी परतावेच लागते. मुंबईत नातेवाईक असतात, पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच पाहुणे किती दिवस? एक-दोन रात्रींवर जाऊ नये, आणि जाताना ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी घेऊन जावे. पहिल्या दिवशी चैत्यभूमी आणि दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह पाहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेटवेला पोचा. न्याहारी हलकी ठेवा, नाहीतर बोटीत मळमळते. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून प्रवासी लाँच बुडाली आणि अनेकांचे जीव गेले. बेटावर उतरल्यावर शंभरावर पायऱ्या चढायच्या आहेत. आजी-आजोबांना घाई करू नका. माकडे हातातली पिशवी ओढतात, धपाटे झाकून ठेवा.

मोठे लेणे शिवाचे आहे. त्रिमूर्तीसमोर उभे राहून त्या पाथरवटांचे हात आठवावेत. पण बेटाला दोन टेकड्या आहेत, आणि पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा जुना स्तूप आणि बौद्ध लेणी आहेत. तिकडे फार कुणी जात नाही. वाट अवघड आहे, म्हणून गावातल्या माणसाला विचारून, सोबत घेऊनच जावे. याच बेटावर २०१८ साली समुद्राखालच्या केबलने वीज पोचली. तोवर मुंबईचे दिवे समोर दिसत आणि गावात जनरेटर, हेही लेकरांना सांगा.

पाचवी गोष्ट, घरची बाई. सहलीतही तिनेच पहाटे उठून डबे करायचे असतील तर तिची कसली सहल? येता-जाता घरची भाकरी चालेल, पण रोज एक जेवण बाहेरचे ठरवा आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढा. लेकरांना सांभाळण्याची पाळी वडिलांनीही घ्यावी.

वाटेवरचे ग्रीक

लातूरकरांनी जाताना पुण्याला उतरून लोणावळा लोकलने मळवली गाठावी आणि कार्ल्याचे चैत्य पाहावे. तिथल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दाने कोरलेली आहेत. नांदेडकरांनी नाशिकला उतरून त्रिरश्मी लेणी पाहावीत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तिथले सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरविले. शिलालेखात तो सांगतो की आपण आईवडिलांसाठी हे लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी दान केली.

ज्या नाशिकहून १९३४ ची सहल निघाली आणि दौलताबादच्या हौदाशी अडवली गेली, त्याच नाशिकच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका परक्याने भिक्खू संघासाठी पाण्याची टाकी खोदविली होती. त्या टाक्यापाशी लेकरांना बसवा, बाटलीतले पाणी द्या आणि ते पिता पिता दौलताबादची हकिगत सांगा.

आज रात्री जेवण झाल्यावर कॅलेंडर काढा. घरात सगळ्यांना विचारा, आजीलाही विचारा, कुठले चार दिवस जमतील. त्या तारखांवर खूण करा आणि डब्यात पहिले पंचवीस रुपये टाका.

जयभीम!