दुधाच्या वहीत सासूबाई कुठं?

मुलगी दहावीला गेली आणि मी पुन्हा विद्यार्थिनी झाले! लग्नाआधी कॉम्प्युटरची पदवी घेतली होती. मग राहुरीत आले आणि संसार, गोठा, दोन मुलं यात सोळा वर्षं गेली. यंदा मात्र ‘डेटा वेअरहाऊस’ शिकायचंच ठरवलं. म्हणजे माहितीचं गोदाम. रोजचे व्यवहार असे रचून ठेवायचे, की वर्षानुवर्षांचा हिशेब झटकन विचारता यावा. राल्फ किंबॉल यांनी १९९६ मध्ये या रचनेवर पुस्तक लिहिलं.

फॅक्ट टेबल, डायमेन्शन टेबल... सगळं डोक्यावरून गेलं. एका संध्याकाळी डेअरीच्या वहीवर नजर पडली. तारीख, वेळ, लिटर, फॅट, रक्कम. अगं बाई, हे तर तेच! मोजलेले आकडे मधल्या तक्त्यात. दूध कोणी घातलं, कधी, गाईचं की म्हशीचं, ही ओळख भोवतीच्या तक्त्यांत. आकार चांदणीसारखा, म्हणून ‘स्टार स्कीमा’.

पहिल्याच फटक्यात चुकले. सकाळी १० लिटर, फॅट ३.५. संध्याकाळी ५ लिटर, फॅट ४.१. मी सरासरी ३.८ लिहिली. खरी ३.७! लिटरची बेरीज चालते, फॅटची नाही. तिथं लिटरचं वजन धरावं लागतं.

दुसरा पेच नावांचा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मग जुन्या नोंदींत नाव बदलायचं, की जुनी ओळ जपून नवी जोडायची? दोन्ही रीती आहेत. जुना काळ जसा होता तसा बघायचा असेल, तर जुनी ओळ पुसायची नाही.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, यात मी कुठंय?”

मी गप्प. पहाटे धार त्या काढतात, वैरण त्या घालतात. वहीवर नाव सासऱ्यांचं. जे नोंदलंच नाही, ते गोदामातून निघणार कसं? त्या रात्री मी ‘धार कोणी काढली’ असा आणखी एक तक्ता जोडला. महिन्याचा हिशेब काढून सासऱ्यांना दाखवला. ते आधी हसले, मग बराच वेळ कागद बघत राहिले. गेल्या महिन्यापासून एका गाईच्या दुधाचं बिल सासूबाईंच्या खात्यावर जमा होतं. जुनी ओळ मी पुसली नाही, नवी जोडली.

नोकरीचं बघू, अर्ज तर केलेत. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरातलीही एखादी वही उघडून बघा. त्यात कोणाचं नाव नाही, ते आधी शोधा.