घरचा मेकॅनिक – ९ : ड्रायरचा ब्रेक

या रविवारी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनकडे वळायचं कबूल केलं होतं. ते आता पुढं गेलं. कंडेन्सरवरचा लेख वाचून गंगाखेडच्या एका ताईंनी कळवलं, “भाऊ, कंडेन्सर आम्ही दोनदा बदलला. ड्रायर हूं हूं करतोय, पण फिरंना. अन् सकाळी नीट फिरतो, संध्याकाळीच अडतो. मेकॅनिक म्हणतोय मोटर गेली.” शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि ऑटोमॅटिक डोक्यातून गेलंच. गेलेली मोटर सकाळी तरी कशी फिरेल?

गंगाखेडसारख्या गावांत सेमी-ऑटोमॅटिकच का चालतं, हे तिथल्या बाईला विचारा. गोदावरी गावाला लागून असली म्हणून घरातला नळ हवा तेव्हा धो धो वाहतो असं नाही. ऑटोमॅटिकला ठरावीक दाबाचं पाणी लागतं. सेमीत बादलीनं पाणी ओता, पांढरे कपडे काढून त्याच पाण्यात रंगीत टाका, मशीनची काही तक्रार नसते. जनाबाईचं हे गाव. तिच्या धुण्याला खुद्द विठ्ठल हात लावायचा अशी कथा आहे. आपल्याला मदतीला २३० व्होल्ट आहेत, तेही मिळतील तेव्हा.

आणि ‘मिळतील तेव्हा’ इथंच संध्याकाळचं निम्मं कोडं आहे. ड्रायरच्या मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे २३० चे १८० व्होल्ट झाले, तर ताकद तेवढ्याच हिशेबानं उतरत नाही, ती साधारण ६० टक्क्यांवर येते. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर, पंखे, पाण्याच्या मोटरी सगळं एकदम चालू होतं आणि डीपीपासून लांबच्या घरांत दिवे पिवळे पडतात. पण निरोगी ड्रायर १८० व्होल्टवरही कुरकुरत का होईना, सुटतो. ताईंचा सुटत नव्हता, म्हणजे त्याला कोणीतरी धरून ठेवलं होतं. धरणारा बहुतेक वेळा एकच असतो, ब्रेक.

या ब्रेकवर मी कधीपासून लिहीन म्हणतोय. मोटर सगळ्यांना ठाऊक, कंडेन्सरही आता पोरासोरांना कळतो, पण ड्रायरला ब्रेक असतो हे मशीन दहा वर्षं वापरलेल्यांनाही माहीत नसतं. आणि तो असावाच लागतो. ड्रायरची टोपली मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेते. तिची त्रिज्या ११ सेंटिमीटर धरली, तर काठाचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जातो आणि आतल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या दोनशेपट जोर येतो. म्हणून तर पाणी निथळतं. अशा टोपलीतून ओढणीचं टोक बाहेर आलं आणि कोणी झाकण उघडून ते धरलं, तर हात कुठं जाईल याचा विचार करा. झाकण उचलताच दोन गोष्टी होतात. झाकणाखालचं स्विच मोटरची लाइट तोडतं, आणि झाकणाला बांधलेली ब्रेक वायर ढिली पडून खालचा ब्रेक शू मोटरच्या ड्रमला आवळतो. काही सेकंदांत टोपली थांबते.

सायकलचा ब्रेक वायर ओढली की लागतो. इथं उलटं आहे. वायर ओढली की ब्रेक सुटतो, ढिली पडली की लागतो. वायर तुटली तर मशीन फिरण्याऐवजी थांबलेलं बरं, असा यामागचा विचार. ज्यानं हे ठरवलं त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यामुळेच वायर जुनी होऊन थोडी लांबली, आकड्याजवळ गंजली किंवा झाकणाचं बिजागर झिजलं, तर झाकण लावूनही ब्रेक पुरता सुटत नाही. शू ड्रमला घासत राहतो. सकाळी भरपूर व्होल्टेज असतं, मोटर त्याला रेटून फिरते. संध्याकाळी तिची ताकद कमी पडते आणि ती नुसती हुंकारते. हुंकार ऐकला की मेकॅनिक कंडेन्सर बदलतो, कारण कंडेन्सर गेल्यावरही आवाज हाच येतो.

आता परीक्षा कशी घ्यायची? इथं बहुतेक जण एका सापळ्यात अडकतात. प्लग काढतात, झाकण उघडतात आणि टोपली हातानं फिरवून बघतात. ती अडते, मग “जाम झालं” म्हणून मोकळे होतात. अहो, झाकण उघडल्यावर ती अडायलाच हवी! परीक्षा झाकण लावून, मागच्या बाजूनं घ्यायची. प्लग काढा. मागचं पॅनल खोला. खाली दोन मोटरी दिसतील, त्यातली टोपलीच्या बरोबर खालची आपली. कंडेन्सरच्या टोकांना बोट लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. झाकण लावलेलं ठेवून ड्रम हातानं फिरवा. मोकळा फिरला तर ब्रेक निर्दोष, मग पुन्हा कंडेन्सरकडे या. अडला तर ब्रेकचा दांडा वायरच्या दिशेनं बोटानं आणखी थोडा ओढा आणि पुन्हा फिरवा. आता मोकळा झाला, तर दुखणं वायरचं. तरीही अडला, तर ब्रेकला दोष देऊ नका, वर टोपलीत काहीतरी अडकलंय किंवा टोपलीचा दांडा ज्यात फिरतो ते बुशच धरलंय.

ताईंच्या भाच्यानं हे सगळं केलं. दांडा ओढताच ड्रम गरगर फिरला आणि ड्रमखाली काळ्या रबराची बारीक भुकटी पडलेली सापडली. भुकटी दिसली की आणखी पुरावा लागत नाही. बऱ्याच मशिनांत वायरचा आकडा अडकवायला दोन-तीन भोकं असतात. त्यानं आकडा एक भोक पुढं घेतला. मोटर वाचली. मात्र आकडा ताणताना एक पथ्य आहे. झाकण उघडल्यावर टोपली पूर्वीसारखी चटकन थांबते की नाही, हे बघितल्याशिवाय पॅनल लावायचं नाही. ब्रेक इतका सोडला की तो लागतच नाही, तर न फिरणारा ड्रायर परवडला.

वायर कुठं मिळेल, हा पुढचा प्रश्न येणारच. मराठवाड्यात अजूनही कितीतरी घरांत व्हिडिओकॉनची जुनी मशिनं आहेत. धूत कुटुंबाची कंपनी, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला कारखाना, म्हणजे जवळजवळ घरचीच होती. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण दोन टबांच्या मशिनांत ब्रेकची रचना कंपनीगणिक फारशी बदलत नाही, त्यामुळे कंपनीच्या नावाला अडू नका. जुनी वायर काढून सोबत न्या आणि लांबी जुळवून घ्या.

बुशाचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडं काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड. त्याचा नि साबणाचा पांढरा थर टोपलीच्या दांड्यावर चढतो, खालचं रबरी सील फाटतं आणि थेंब थेंब पाणी मोटरवर पडतं. मोटरवर पांढरे-तांबडे ओघळ दिसले तर आधी सील बदला, नाहीतर नवी मोटरही त्याच वाटेनं जाईल. आणि टोपलीतल्या कपड्यांवर ठेवायची ती प्लॅस्टिकची चकती माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. तिच्याविना हातरुमाल नि पायमोजे टोपली आणि बाहेरचा टब यांच्या फटीत उतरतात. ऑटोमॅटिक पुढच्या रविवारी.