कॅमेरा बदलला की विषय बदलतात

माझ्या हार्ड डिस्कवर फोटोंचे फोल्डर वर्षांनुसार लावलेले आहेत. पण तारीख न बघताही त्या काळी हातात कोणता कॅमेरा होता ते सांगता येतं, कारण कॅमेरा बदलला की विषयही बदललेले दिसतात. पक्षी येतात, काही वर्षं राहतात आणि एकदम नाहीसे होतात. मग माणसं जवळ येतात. पुढे घरातली संध्याकाळ दिसू लागते. फोटो कॅमेरा काढत नाही, डोळा काढतो, असं छंदिष्टांना नेहमी ऐकवलं जातं. इतक्या अदलाबदलींनंतर मला ते अर्धंच खरं वाटतं. डोळा कुठे वळणार हे बऱ्याचदा गळ्यात काय लटकतंय त्यावर ठरतं.

सुरुवात पेंटॅक्स के-१००० पासून झाली. हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता आणि त्याला बॅटरी लागायची ती फक्त लाइट मीटरच्या काट्यासाठी. सोबत ५० मिमीची एकच लेन्स. ३६ फोटोंचा रोल, वर धुलाई आणि प्रिंटचा खर्च. साहजिकच तेव्हाचे माझे फोटो स्थिर गोष्टींचे आहेत: वाड्यांची दारं, नदीच्या घाटाच्या पायऱ्या, रांगेत उभे राहिलेले नातेवाईक.

मग १० मेगापिक्सेलचा निकॉन डी-८० आला. रोल संपायची धास्ती गेली आणि हलणाऱ्या गोष्टी फोटोत शिरल्या. त्यांच्या मागे मी भिगवणला पोचलो. हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, नदीसुरय डोक्यावरून सपकन वळतात. उडत्या पक्ष्यांसाठी कॅननची ४०० मिमी एफ-५.६ मला हवी होती. वजन १२५० ग्रॅम, म्हणजे हातात धरून वापरता येईल असं, आणि कॅननच्या छोट्या सेन्सरवर तिचा आवाका ६४० मिमीसारखा. निकॉनमध्ये त्या किमतीची, तितकी हलकी ४०० नव्हती. एका लेन्ससाठी मी सगळा संच बदलला.

असा बदल हाताला फार जाणवतो. समोरून पाहिलं तर निकॉनची लेन्स घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून बसते, कॅननची घड्याळाच्या दिशेने. कितीतरी दिवस मनगट जुन्याच बाजूला वळायचं. फोकसची रिंगसुद्धा उलटी. पक्षी डाव्या कोपऱ्यातून आत येत असताना बोटांना विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात तो निघून गेलेला असतो. सिस्टीम बदलण्याची किंमत पैशात मोजतात, पण बोटांची सवय पुन्हा लावण्यात त्याहून जास्त खर्च होतो असं माझं मत आहे.

जुनं विकल्याशिवाय नवं घेणं शक्य नव्हतं, त्यामुळे सेकंडहँड बाजाराशी जवळीक झाली. मुंबईत बोरा बाजारात काय किंवा ओळखीतल्या गिऱ्हाइकाकडे काय, प्रश्न ठरलेले: बिल-बॉक्स आहे का, शटर काउंट किती, आणि सर्वांत आधी, फंगस आहे का? लेन्सच्या मागून टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. बुरशी असेल तर काचेच्या कडेपासून आत कोळिष्टकासारखे बारीक पांढुरके तंतू पसरलेले दिसतात. जास्त दिवस राहिली तर ती काचेवरचा लेपही खाते. मग काच साफ केली तरी डाग जात नाही. पश्चिम घाटाच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या माणसाला पावसाळ्याचे चार महिने लेन्स नुसती कपाटात ठेवून चालत नाही. ती सतत उजेडात-वाऱ्यात वापरायची, नाहीतर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखणाऱ्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवायची. माझं कॅबिनेट लहान आहे. जी लेन्स दोन पावसाळे बाहेर निघाली नाही ती विकून टाकायची, हा नियम हवेनेच घालून दिला. सतत विकत-घेत राहण्याला लोक चंचलपणा म्हणतात. कोरड्या मुलखात हा छंद वेगळ्या रीतीने वाढला असता, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

खांदा दुखू लागल्यावर मायक्रो फोर थर्ड्सकडे वळलो. पॅनासॉनिकची २० मिमी एफ-१.७ फक्त १०० ग्रॅमची. ती ऑलिंपसच्या बॉडीवरही बसते, हे या सिस्टीमचं मोठेपण. दिवे घाटात माउलींच्या पालखीबरोबर चालताना त्या छोट्या कॅमेऱ्याकडे कुणी वळूनही बघत नसे. झूम नाही म्हणजे जवळ जाणं आलं. टाळ धरलेले हात, डोक्यावरच्या तुळशीला सावरणारी बोटं, घामाने भिजलेला बुक्का: हे फोटो मोठी लेन्स घेऊन मला मिळाले नसते. माझ्या मते माझं सगळ्यात चांगलं काम तेच.

२०२० मध्ये ऑलिंपसने कॅमेऱ्याचा व्यवसाय विकत असल्याचं जाहीर केलं. तो नव्या कंपनीकडे गेला, बंद पडला नाही. पण निकॉन १ (२०११ ते २०१८) आणि सॅमसंग एनएक्स यांची अखेर आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. माझं मन डळमळलं. मधली काही वर्षं फुजीफिल्ममध्ये गेली, मुख्यत्वे वरच्या शटर डायलच्या आणि लेन्सवरच्या अ‍ॅपर्चर रिंगच्या ओढीने.

आता निकॉन झेड आहे. २०१८ मध्ये आलेल्या या माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सर फक्त १६ मिमीवर असतो. जुन्या निकॉन एफ माउंटमध्ये, म्हणजे १९५९ पासून, हे अंतर ४६.५ मिमी होतं, कारण मध्ये हलता आरसा होता. आरसा गेला, जागा मोकळी झाली, आणि तेवढ्या लांबीची पोकळ नळी जोडली की जवळपास कुठलीही जुनी लेन्स बसते. पेंटॅक्सची ती ५० मिमी आज त्यावर घरातल्या मंद दिव्यात वापरतो. फोकस हाताने करावा लागतो, पण स्क्रीनवर चित्र मोठं करून आजीच्या पापण्यांपर्यंत नेमका साधता येतो. पूर्वी प्रत्येक सिस्टीमला स्वतःची भिंत होती. निदान हाताने फोकस करणाऱ्यांसाठी ती आता उरलेली नाही.

पक्षी मात्र पुन्हा बोलावतायत. झेड माउंटची १८०-६०० पायाच्या कॉलरसकट दोन किलोच्या वर जाते. खांद्याचा विचार करता मायक्रो फोर थर्ड्सची ३०० मिमी एफ-४ बरी. तिचा आवाका ६०० मिमीसारखाच. म्हणजे झेडच्या जोडीला दुसरी एक बॉडी आणि कॅबिनेटमध्ये आणखी जागा. भिगवणचा हंगाम सुरू होण्याआधी दोन्ही लेन्स एकेक दिवस भाड्याने घेऊन बघणार आहे.