घाबरलेला साप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या वाडीतला एक मुलगा प्लास्टिकची बरणी घेऊन आला. "काका, अजगराचं पिल्लू सापडलंय. मी पाळणार आहे. पण फार चिडकं आहे. ह्याला माणसाळवायचं कसं?" बरणीतून सारखा फुत्कार ऐकू येत होता. अंगावर साखळीसारख्या ओळीत नीट मांडलेले गोल ठिपके, मान बारीक, डोकं त्रिकोणी. ते अजगराचं पिल्लू नव्हतं, घोणस होती. अजगराच्या अंगावरचे पट्टे वेडेवाकडे असतात, नकाशातल्या प्रदेशांसारखे. मी बरणी अलगद जमिनीवर ठेवायला लावली आणि वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलावलं.

पण मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. चिडलेल्या सापाला शांत कसं करावं? मुळात तो साप चिडलेला नव्हताच, घाबरलेला होता. माणसासारखा राग, डूख, सूड हे सापाच्या स्वभावात नाही. समोरचं जनावर आपल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे आणि पळायला वाट नाही, एवढंच त्याला कळतं. मग नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. बिचारं मांडूळ डोकं वेटोळ्यात लपवून बोथट शेपटी पुढे करतं. हे सगळे 'लांब राहा' असं सांगण्याचे प्रकार आहेत. विष सापाला भक्ष्य मिळवण्यासाठी लागतं, ते उगाच खर्च करणं त्याला परवडत नाही.

१९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले, ते लोकांना हेच पटवण्यासाठी. मात्र त्यांच्यामागे सापांचा दांडगा अभ्यास होता. आपण त्यातून धडा घ्यावा, अनुकरण करू नये.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत. तिकडे कॉर्न स्नेक, बॉल पायथन असे बिनविषारी साप काचेच्या पेटीत पाळतात. त्यांचे अनुभवी पालक काय करतात ते ऐकण्यासारखं आहे. नवा साप घरी आला की आठवडाभर त्याला हातच लावायचा नाही. पेटीत लपायला दोन जागा द्यायच्या, एक उबदार आणि एक थंड. त्याने नीट खाल्लं की तो थोडा रुळला असं समजायचं. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो. कात टाकण्याआधी त्याचे डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, म्हणून तो जास्त बिचकतो. तेव्हाही लांब राहायचं.

उचलताना वरून झडप घालायची नाही, कारण वरून येते ती घार. बाजूने, सावकाश, अंगाच्या मध्याला दोन्ही हातांचा आधार द्यायचा. डोकं दाबायचं नाही, शेपटीला धरून लोंबकळवायचं नाही. हाताला उंदराचा वास असेल तर आधी हात धुवायचे. पाच-दहा मिनिटं झाली की परत ठेवायचं. एवढं करूनही साप कुत्र्यासारखा लळा लावत नाही. ह्या हातांपासून धोका नाही, इतकंच तो शिकतो. पण त्याच्यासाठी तेच पुष्कळ आहे.

आपल्याकडे मात्र रानातला साप धरून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. अनेक परदेशी जातींचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. म्हणजे आपली गाठ पडते ती गडग्यातल्या, पेंढ्यातल्या, पडवीत शिरलेल्या सापाशी. रत्नागिरी तर फुरशांसाठी प्रसिद्ध. ब्रिटिश अमदानीत फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देई. तरी फुरशी संपली नाहीत. जांभ्या दगडाच्या सापटीत ती अजूनही आहेत.

अशा वेळी पेटीतल्या सापाचाच नियम लावा: भीती कमी करा. सहा-सात फूट मागे व्हा. पाय आपटू नका. सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीची थरथर जबड्यातून कळते. मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या. बाहेर जायची वाट मोकळी ठेवा आणि लांबून नजर ठेवा. काठीने डिवचू नका, बरणी तर आणूच नका. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. मात्र प्रत्येक साप इशारा देईलच असं नाही. मण्यार रात्री गुपचूप येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय खळ्यात उतरू नका.

आणि दंश झालाच तर आवळपट्टी नको, चिरा देणं नको, मांत्रिक नको. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

त्या मुलाने बरणी शेतातून घरापर्यंत छातीशी धरून आणली होती. झाकण सैल होतं. त्या दिवशी त्याचं नशीब थोर. त्याच्या आईला हे सांगितलं तेव्हा ती माऊली मटकन खाली बसली. तुमच्या घरातल्या मुलांना हे आजच सांगा.